गुरुवारच्या राठोड सिस्टर

लहान मुलांसाठी आलेलं कुठलंही नवीन औषध राठोड सिस्टर आधी स्वतः चाखून बघत. बाटलीचं झाकण उघडायचं, करंगळीच्या टोकावर एक थेंब घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीवर रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. मला ते अगदीच गावंढळ वाटलं. "सिस्टर, औषध आहे ते. हे काय करताय?" मी विचारलं. त्यांनी डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं केलं. "माय व! कारल्याच्याही वरताण हाय हे. अन् आपण लेकराले सांगतो, गोड हाय, पी. एकदा खोटं बोललो का पुढं आपलं खरंही ते काहून मानन?"

मग समोरच्या मुलाला सांगणं ठरलेलं असे. "हे कडू हाय. मी पेली, मेली नाही. आता तू पी." आणि मुलं चक्क पीत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होते. वय सत्तावीस, माहेर सांगलीकडचं. सरकारी सेवेची सक्तीची मुदत भरायची आणि पुढच्या शिक्षणाला निघून जायचं, याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं. सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या. महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर जन्मलेल्या, बाभुळगावकडे दिलेल्या. ठेंगणा बांधा, मनगटावर हिरवं गोंदण, कोटाच्या खिशात लाल पेन. घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलत, दवाखान्यात वऱ्हाडी. इकडच्या बायका 'मी येतो, मी करतो' असं बोलतात, याची सवय व्हायला मला महिना लागला. त्यांचं काम कळायला मात्र फार जास्त वेळ लागला. कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि तो उशीर माझ्यामुळेच झाला होता. म्हणून हे लिहिते आहे.

दर गुरुवारी आमच्याकडे एचआयव्ही घेऊन जन्मलेली मुलं औषधं न्यायला येत. कुणी आजीबरोबर, कुणी मामाबरोबर. आईवडील दोघंही असलेली थोडीच. औषधं जिल्ह्याच्या केंद्रावरून येत, वाटायची आम्ही. एकदा एका कर्मचाऱ्यानं व्हरांड्यात मोठ्यानं विचारलं, "एचआयव्हीचे पोट्टे कुठं बसवू?" सिस्टर खोलीतून ताडकन बाहेर आल्या. "आजाराचं नाव लेकराले देऊ नको. हे गुरुवारचे लेकरं हायेत." तेव्हापासून सगळा दवाखाना त्यांना गुरुवारची मुलं म्हणू लागला.

मुलांचं वजन करणं हा त्यांचा सोहळाच असे. चपला काढायच्या, खिसे रिकामे करायचे. गोट्या, बोरं, पेन्सिलीचे तुकडे, एकदा तर जिवंत बेडूक, सगळं एका ट्रेमध्ये जमा व्हायचं आणि ज्याचं त्याला परत मिळायचं. मी हसले तर म्हणाल्या, "तुम्हाले वाटते मी खेळून राह्यली. डोस वजनावर हाय ना जी? मंग खिशातल्या गोट्यायले कायले औषध देऊ?" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "लेकरू म्हणजे लहान माणूस नोहे, मॅडम. मोठ्या माणसाची गोळी वर्षानुवर्षं तीच राह्यते. लेकराचं वजन बदलते, दात बदलते, अन् मायबाप नसले तं घरही बदलते. दर महिन्याले नवंच लेकरू आलं समजा."

या मुलांमधली एक मुलगी, तिला मी इथे काजल म्हणते. खरं नाव लिहिणार नाही; तेवढं तरी पाळते. अकरा वर्षांची, पण आठची वाटेल अशी. आईवडील गेलेले, तांड्यावर आजी आणि मामा. शिकायला आश्रमशाळेत, तिथंच राहायला. माझ्या पहिल्याच वर्षी तिच्या रक्ततपासणीत विषाणू वाढलेले दिसले. म्हणजे औषध लागू पडत नव्हतं. मी औषध बदलण्यासाठी तिला जिल्ह्याला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. सिस्टर म्हणाल्या, "आठ दिवस थांबता का? औषध हरलं का पोटात गेलंच नाही, ते पाहून येतो."

त्या आपल्या सुट्टीच्या दिवशी आश्रमशाळेत गेल्या. काजलची गोळी रात्री जेवणानंतरची. त्या वेळी चाळीस मुली एका खोलीत. कसली गोळी, कायची गोळी, दाखव ना, असं सुरू झालं की पोरगी गोळी मुठीत लपवायची आणि नंतर खिडकीबाहेर टाकायची. खिडकीखालच्या मातीत सिस्टरांना विरघळून पांढरे झालेले डाग सापडले. परत येऊन त्यांनी मला विचारलं, "चोवीस तासांतून एकदाच घ्यायची ना जी? मंग रातचीच कायले? सकाळी आंघोळीच्या रांगेत कोनी कोनाकडे पाह्यत नाही."

रात्रीचं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आधीच्या कागदावर तसं होतं, मी तसंच पुढे लिहिलं होतं.

गोळी सकाळची झाली. चार महिन्यांनी काजलचे विषाणू तपासणीत दिसेनासे झाले. तो कागद सिस्टरांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "गोळी पोटात गेली पाहिजे, रजिस्टरात जाऊन काय फायदा?"

काजलला तिच्या आजाराबद्दलही त्यांनीच सांगितलं. आजीची परवानगी घेऊन, मला शेजारी बसवून. पोरीनं सरळ विचारलं होतं, "मले काय झालं? मी काहून रोज गोळी खातो?" मी पुस्तकातली वाक्यं जुळवत होते. सिस्टर तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुह्या रगतात जन्मापासून एक किडा हाय. आता तो झोपून राह्यला. गोळी म्हणजे त्याची अंगाई. तू रोज म्हनली तं तो उठत नाही. तुह्या मायले ही अंगाई वेळेवर भेटली नाही. तुले भेटली." काजल थोडी रडली, मग म्हणाली, "म्हणजे माही चुकी नाही?" सिस्टर म्हणाल्या, "नाही व माय. कोनाचीच नाही."

मी त्या खोलीत नुसती बसून होते. नंतर रजिस्टरात 'डॉक्टरांनी समुपदेशन केले' असं लिहून सही केली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणून मी एकटीच असे. बाळंतपणं, अपघात, शवविच्छेदन, कोर्टाच्या तारखा. गुरुवारी मुलं सकाळी नऊला येत आणि मी मोकळी होईपर्यंत दोन वाजत. चारची एसटी चुकली की तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायका मुलांना घेऊन चालत निघत. काम सगळं सिस्टरच करत आणि शेवटी रजिस्टर माझ्यापुढे येई. एका गुरुवारी त्यांनी विचारलं, "मॅडम, सही करता तवा वाचता काय?"

"नाही," मी खरं सांगितलं.

"मंग मले लिहून द्या ना. माहं ट्रेनिंग झालं हाय. जे लेकरं चांगले हायेत, त्यायचं वजन, डोस, पुढची तारीख मी पाह्यतो. जराकही बिघाड दिसला तं तुमच्याकडे धाडतो. लेकरं बारा वाजता घरी जातीन."

"करा की. माझी परवानगी आहे."

"तोंडी?"

"माझ्यावर विश्वास नाही का?"

त्या हसल्या. "हाय ना जी. पन कागदावर असलं तं तुमच्यामागून येईन त्याच्यावरही ठेवता येते."

देते म्हणाले. पुढच्या आठवड्यात देते म्हणाले. त्यांनी चार-पाच वेळा आठवण केली, मग सोडून दिलं. कामाच्या गडबडीत राहून गेलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. असा आदेश वरून मंजूर करून घ्यावा लागला असता, आणि काही चुकलं असतं तर माझी सही पुढे आली असती. सिस्टरांनी काम करावं हे मला हवं होतं. त्याचा कागद नको होता.

काम मात्र सुरू झालं आणि सुरेख चाललं. मुलं बाराला घरी जाऊ लागली. गुरुवारी मला अभ्यासाला वेळ मिळू लागला.

एका गुरुवारी मी नागपूरला गेले. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेची सराव परीक्षा होती. रजा टाकली नाही. टाकली असती तर मिळाली नसती. आदल्या संध्याकाळीच हजेरीपटावर दुसऱ्या दिवसाची सही करून ठेवली आणि सिस्टरांना म्हटलं, सांभाळून घ्या. साडेअकराला त्यांचा फोन आला. काजलचं वजन वीस किलोच्या वर गेलं होतं. तक्त्याप्रमाणे आता लहान मुलांची विरघळणारी गोळी बंद करून मोठी गोळी द्यायची होती. "दोनदा वजन केलं, खिसे पाहून," त्या म्हणाल्या. त्यांनी तक्ता वाचून दाखवला, मी ऐकला. बरोबर होतं. "द्या," मी म्हणाले. त्यांनी विचारलं, "फोनवर विचारलं असं लिहू?" मी म्हणाले, "नको, लिहू नका. मी आले की सही करते."

शुक्रवारी मी परत आले. सही करायची राहिली.

रविवारी काजलला उलट्या सुरू झाल्या, झटका आला. तिला जिल्ह्याला हलवलं. मामाला कुणीतरी सांगितलं, गुरुवारी नर्सनं गोळी बदलली. सोमवारी दवाखान्यापुढे माणसं जमली. 'डॉक्टर नसताना नर्सनं औषध दिलं' अशी बातमी छापून आली. त्या रविवारीच आश्रमशाळेतल्या आणखी सात-आठ मुलींना उलट्या झाल्या होत्या. टाकीचं पाणी खराब निघालं. काजलचा झटका तापामुळे आलेला होता. गोळी योग्य होती, डोस योग्य होता. हे सगळं आठवड्याभरात स्पष्ट झालं. तोपर्यंत चौकशी वेगळ्याच प्रश्नावर येऊन थांबली होती.

जिल्ह्याहून तिघं आले. माझ्याच खोलीत बसले. सिस्टर भिंतीलगतच्या स्टुलावर. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "डॉक्टर, गोळी बरोबर होती हे आम्हाला कळलं. प्रश्न एवढाच आहे की नर्सनं ती कुणाला विचारून बदलली? त्या दिवशी तुम्ही इथे होता?"

हजेरीपट त्यांच्यापुढे उघडा होता. त्यावर माझी सही होती. परीक्षा दीड महिन्यावर होती.

"होते," मी म्हणाले. "ओपीडीत होते."

"मग तुम्हाला विचारलं का?"

"नाही. मला विचारलं नाही."

सिस्टरांचा मोबाइल त्यांच्या मांडीवर होता. गुरुवारी साडेअकराला मला केलेल्या फोनची नोंद त्यात होती. तो साहेबांपुढे धरला असता की संपलं असतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, एखादं मूल अचानक तापलेलं लागावं आणि आपण हात मागे घ्यावा, तसं. मग साहेबांकडे वळल्या आणि पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "गोळी मी दिली. वजन वाढले होते. तक्त्याप्रमाणे दिली."

"तुम्हाला अधिकार होता का?"

"लेखी नव्हता."

लेखी हा शब्द त्यांनी मुद्दाम उच्चारला की सहज, मला अजून कळलेलं नाही. साहेबांनी तो लिहून घेतला.

सिस्टरांच्या सेवापुस्तकात शेरा पडला. यापुढे डॉक्टर समक्ष असल्याशिवाय कुणीही नर्सनं मुलांना औषध देऊ नये, असा आदेश निघाला आणि महिन्याभरात त्यांची बदली वणीच्या बाजूला, राजूरच्या कोळसा खाणींपलीकडे झाली. घरापासून शंभरेक किलोमीटर. निघताना त्यांनी नव्या नर्सला सगळ्या मुलांची माहिती सांगितली. कोण कुणाबरोबर येतं, कोण गोळी गालात ठेवतं, कुणाला अजून सांगायचं आहे. मला फक्त म्हणाल्या, "येतो, मॅडम. काजलच्या आजीले मराठी समजत नाही. तिच्याशी बोलाले कोनी तरी ठेवजा."

मी कुणालाही ठेवलं नाही.

पुढचे महिने गुरुवार पुन्हा दोन वाजेपर्यंत लांबले. काजल बरी होऊन आश्रमशाळेत परतली होती. एका गुरुवारी आजी तिला घेऊन आली तेव्हा मी बाळंतपणात अडकले होते. नवी नर्स आदेशाला घाबरून गोळ्या द्यायला तयार नव्हती. पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या. मी परीक्षेला गेले होते, या वेळी रीतसर रजा टाकून. नर्सनं आजीला 'सोमवारी या' म्हणून सांगितलं. आजीला काय कळलं कोण जाणे. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. माझ्याकडून आश्रमशाळेला एक पत्र गेलं. खिडकीखालची माती बघायला कुणी गेलं नाही.

अडीच महिन्यांनी काजल आली ती मामाच्या पाठीवर. मान ताठलेली, ओळख हरवलेली. गोळ्या बंद पडल्यानं प्रतिकारशक्ती गेली होती आणि क्षयरोग मेंदूपर्यंत पोचला होता. मी तिला जिल्ह्याला पाठवलं आणि दोन दिवसांनी मागोमाग गेले. वॉर्डात तिच्या खाटेशेजारी राठोड सिस्टर बसल्या होत्या. मामानं फोन केला होता. जमाव घेऊन आलेल्या त्याच मामानं. त्या रजा काढून आल्या होत्या आणि नळीवाटे औषध देणाऱ्या तिथल्या नर्सला काजलच्या सवयी सांगत होत्या.

मी त्यांना व्हरांड्यात नेलं. विचारलं, "तुम्ही त्या दिवशी मोबाइल का दाखवला नाही?"

"तुम्हाले वाचवाले नाही," त्या लगेच म्हणाल्या. "ते डोक्यातून काढा. माह्यावर तं शेरा पडनारच होता, कागद नव्हता. मी बोलली असती तं तुम्हीही गेल्या असत्या. दोघीही गेल्यावर गुरुवारले कोन बसलं असतं? मी म्हनलं, एक तरी राहू द्या." त्यांनी वॉर्डाकडे पाहिलं. "माहा अंदाज चुकला."

मी रडू लागले. त्यांनी मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग म्हणाल्या, "रडून काही होत नाही, मॅडम. खरं काय ते लिहून द्या. माह्यासाठी नाही. तो आदेश हाय तंवर कोनतीच नर्स हात लावनार नाही."

काजल वाचली. उजव्या डोळ्याची नजर मात्र गेली, ती आली नाही.

मी लिहून दिलं. पण लगेच नाही. पदव्युत्तर प्रवेशाची यादी लागली, बालरोग विभागात माझी जागा पक्की झाली, त्यानंतर दिलं. आठ महिन्यांनी. मी गैरहजर होते, फोनवर परवानगी मी दिली होती, नोंद करू नका असंही मीच सांगितलं होतं, चौकशीत मी खोटं बोलले. लोक म्हणाले, हिंमत लागते. ज्याला उशिराचा हिशोब माहीत नव्हता तोच असं म्हणू शकत होता. मला ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली, एवढंच. सिस्टरांचा शेरा काढायला आणखी वर्ष लागलं. तो निघाल्यावर पाच आठवड्यांनी त्या निवृत्त झाल्या. पहिला आदेशही मागे घेतला गेला; प्रशिक्षण झालेल्या नर्सनं स्थिर मुलांना तक्त्याप्रमाणे औषध द्यावं आणि तशी नोंद स्वतःच्या सहीनं करावी, असा नवा आदेश निघाला. त्यावर नाव अर्थातच कुणाचं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मी बाभुळगावकडे त्यांच्या घरी गेले. न कळवता, कळवलं असतं तर धीर झाला नसता. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "या, बसा," म्हणाल्या. ज्वारीची भाकर आणि सोल्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी वाढली, जवळ बसून आग्रह केला. मी दोन घास खाऊन थांबले आणि जे बोलायला आले होते ते बोलले. माफ करा, म्हणाले.

त्या शेंगा सोलतच राहिल्या. "राग होता," त्या म्हणाल्या. "सहा-आठ महिने लय होता. मंग गेला. राग ठेवून आपलंच रगत आटते. पन मॅडम, भरोसा गेला तो वापस नाही आला. तुम्ही एवढ्या दूरून आल्या, तुमच्याशी खोटं कायले बोलू? जेवा तुम्ही. थंडी होऊन राह्यली भाजी."

मी जेवले. नाही म्हणायचा मला हक्क नव्हता.

जेवण होता होता त्यांचा फोन वाजला. पलीकडे काजल होती. आता पंधरा वर्षांची, आपली औषधं आपण घेणारी. दोघी गोरबोलीत बोलत, हसत राहिल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. मग सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, फोनमध्ये काहीतरी सांगितलं आणि तो माझ्यापुढे धरला. "बोला तिच्याशी."

मी हात पुसून फोन घेतला. माझं नाव सांगितलं.

"डॉक्टरीणबाई?" काजलनं विचारलं. आवाजात कसलाही राग नव्हता, ती नुसती आठवत होती. "आम्ही आलतो तवा नव्हत्या, त्याच ना?"

"हो," मी म्हणाले. "त्याच."